पानमळ्यातले बूट

“पायातलं काढ. काढ म्हणतोय ना पायातलं. आरं, तुझ्या बुटांना अक्कल फुटो आन् ते तुला हितंच टाकून पळून जावोत. तुझ्या गाडीला उताराला बी धक्का मारायला लागो. तुझ्या वरातीत जनरेटर बंद पडो आन् सासरचं समदं बहिरं निघो. पर आधी तू माझ्या मळ्यातनं भाईर हो.”

हा ओरडणारा मी. आवाज देताना देवानं माझ्या बाबतीत हात आखडता घेतला नाही. मी निमगाव केतकीत नुसता खोकलो तरी इंदापूरच्या स्टँडवरचा कंडक्टर घंटी मारून गाडी सोडतो, असं लोक सांगतात, आणि लोक कमीच सांगतात. त्या दिवशी तर उजनीच्या पाण्यावर नुकतेच उतरलेले रोहित पक्षी आल्या पावली माघारी गेले. दिवाळीची सुट्टी नुकती संपली होती. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं भिगवणला जाऊन त्या पक्ष्यांना विचारावं.

पक्षी गेले, पण माझ्यासमोरचं पोरगं जागचं हललं नाही. असेल पंधरा-सोळाचं. कपाळावरची झुलपं हळदीच्या रंगाची, पँट गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली आणि पायात पांढरेशुभ्र बूट. त्या बुटांचे तळ एवढे जाड की तेवढ्या रबरात एसटीची दोन टायरं निघाली असती. माझ्या हादग्याच्या झाडावर चढवलेला पानाचा वेल त्यानं मुठीत धरला होता आणि त्याला लोंबकळून कमरेतून हेलकावे देत होता. त्याचे दोन सोबती बाजूला उभे. एकाच्या खिशातून गाणं वाजत होतं, दुसऱ्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला होता. हळद्यानं माझं सगळं बोलणं मान तिरकी करून, कीर्तन ऐकावं तसं ऐकून घेतलं आणि म्हणाला,

“काका, परत एकदा म्हणा की. गाणं चालू होतं, आवाज नीट आला न्हाय.”

मी पानांची पाटी खाली टाकली आणि धावलो. ते तिघं कुडाच्या कुंपणाला भगदाड पाडून पलीकडं गेले, एका मोटारसायकलवर बसले आणि त्या गाडीच्या कापलेल्या सायलेन्सरमधून फटाक्यांची माळ लावावी तसे आवाज काढत बारामतीच्या रस्त्याला लागले.

आता ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांना वाटेल, बुटांवरून एवढं काय. पानमळा म्हणजे शेत नव्हे. शेवरी आणि हादग्याची उंच झाडं ओळीनं लावायची, त्यांच्यावर नागवेल चढवायची, चारी बाजूंनी गवताचा कूड उभा करायचा. आत गेलं की भर चैत्रातसुद्धा माठात शिरल्यासारखं वाटतं. आणि आत जायचं ते अनवाणी. हा नियम माझ्या वडिलांचा, त्यांच्या वडिलांचा, आणि आमच्या गावात ज्याचा ज्याचा पानमळा आहे त्या सगळ्यांचा. दाराशी चपला ओळीनं काढून ठेवायच्या, मग तुम्ही जावई असा नाहीतर साहेब. शेतीखात्याचा एक मोठा अधिकारी एकदा आला होता, त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि घाबरून पट्टाही काढून ठेवला. वडील म्हणायचे, आत लक्ष्मी आहे. अधिकारी म्हणाला, बाहेरच्या रानातली माती बुटाला चिकटून आत येते, त्या मातीतून मर येते, वेल मुळातून कुजतात, आणि एकदा मर शिरली की वाफ्यामागून वाफा जातो. मी दोघांशीही वाद घातला नाही. लक्ष्मी असो नाहीतर बुरशी, दोघींचं म्हणणं एकच, पायातलं बाहेर काढा.

आमचं घर त्या मळ्यावर उभं आहे. पदरात दोनच पोरं, थोरली पोरगी दहावीत, धाकटा अजून शेंबूड पुसायच्या वयात. थोरली तर मळ्यातच वाढली. तिला चालायला यायच्या आधी दारात चपला काढायला येत होत्या, हे मी शपथेवर सांगतो. अंगठ्याला पत्र्याचं नख लावून ती पानं खुडायला लागली की रोजानं आलेल्या बायका तोंडात पदर धरून बघत राहतात. मळ्यात माझ्यानंतर कुणी, तर तीच, असं मी मनात धरून होतो. तिच्या आईलाही सांगितलं नव्हतं. पोरीला तर नाहीच.

त्या आठवड्याच्या बाजारात मी कोथिंबीर घ्यायला वाकलो तर टोमॅटोवाला म्हणतो, “तात्या, माझ्या गाडीला उताराला बी धक्का मारायला लागतोय. बघा काय करता येतंय का.”

मी म्हटलं योगायोग असेल. पुढं गेलो तर भेळवाला गिऱ्हाइकाला म्हणतो, “पायातलं काढ.” त्याच्या पलीकडं एका बाईच्या कडेवरचं पोर, ज्याला अजून आई म्हणता येत नाही, ते माझ्याकडं बोट करून “भाईर हो” म्हणालं. शेवटी टोमॅटोवाल्यानंच मोबाईल दाखवला.

मी होतो. माझ्या डोक्यावर त्यांनी शिंगं बसवली होती. मी तोंड उघडलं की तोंडातून धूर निघायचा आणि मागं ढोल वाजायचा. खाली नाव, बूटकाका. त्याखाली लाल बदाम. तेवढे बदाम खरे असते आणि वाटले असते, तर इंदापूर तालुक्यातली सगळी पोरं हुशार झाली असती. पण ते खरे नव्हते, म्हणून झालं ते उलटंच. आणि माझा संताप कशानं झाला म्हणाल, तर जनरेटरचं वाक्य, जे त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं होतं, तेच त्यांनी कापलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पोरं यायला लागली. आधी गावातली, मग इंदापूरची, मग बारामतीच्या कॉलेजातली, एकेका गाडीवर तिघं-तिघं. सगळ्यांच्या पायात बूट. एक जण बिचारा चपलेत आला होता, तर बाकीच्यांनी त्याला बूट घालून ये म्हणून रस्त्यातूनच माघारी धाडलं. कुडातून आत घुसायचं, वाफ्यात उभं राहायचं आणि माझी वाट बघायची. मी गोठ्यात असलो तर हाका मारायची.

“काका, या की. आमी बूट घालून आलोय.”

एक जण तर म्हणाला, “काका, गाडीची शिवी त्याला झाली. मला शिक्षणाची द्या.”

मी दिली. द्यायची नाही असं ठरवून गेलो होतो, पण त्याच्या बुटाखाली कोवळा फुटवा चेंगरलेला दिसला आणि तोंड आपोआप सुटलं. तुझी परीक्षा सुरू झाली की तुझ्या पेनातली शाई रुसून शेजारच्याच्या पेनात जावो, असं काहीतरी बोललो. संध्याकाळी ते शेजारच्या गावात पाठ झालं होतं.

पण नुसत्या शिव्यांवर किती दिवस भागणार. कालचा माल आज शिळा होतो, ही त्या धंद्याची रीत. मग एकानं पाण्याचा कॉक सोडून वाफा तुंबवला. एकानं ठिबकच्या नळीची दोरी करून उड्या मारल्या. एकानं दिवाळीतला उरलेला सुतळी बॉम्ब हौदात टाकला. तो पाण्यात पडून विझला, तेव्हा “वाया गेला” म्हणून तो माझ्याकडंच तक्रारीच्या नजरेनं बघायला लागला. ह्यातल्या एकाचंही माझ्याशी वैर नव्हतं. हेच मला सोसत नव्हतं. वैरी असता तर मी त्याला समजून घेतलं असतं.

आणि हे काही माझ्या मळ्यापुरतं नव्हतं. त्याच दिवसांत थोरलीनं जेवताना तिच्या वर्गातली गोष्ट सांगितली. गणिताचे सर म्हणजे पिकल्या केसांचा, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा सज्जन माणूस. ते फळ्याकडं वळले आणि मागच्या तीन बाकांवरची पोरं एकदम जमिनीवर कोसळली. कुठल्याशा व्हिडिओत तसं दाखवलं होतं म्हणे. सरांना वाटलं विषबाधा झाली. बाटली घेऊन धावले, एकेकाच्या तोंडावर पाणी मारत सुटले, “बाळांनो, उठा रे” म्हणत रडायलाच लागले. मग बाळं उठली. कारण तेवढं मोबाईलमध्ये आलं होतं. तेव्हापासून सर फळ्याकडं तोंड करत नाहीत. वर्गाकडं बघत बघत पाठीमागं हात नेऊन लिहितात, आणि लिहितात तेही बरोबर, फक्त त्यांचा नऊ आता सहासारखा दिसतो.

“कुणाची पोरं ही?” मी ताटावरनं ओरडलो.

“वर्गातलीच,” थोरली म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

“मास्तर रडला आन् कुणी हसायचं थांबलं न्हाय?”

“पप्पा, रडलं तरच व्हिडिओ चालतो.”

मी रागानं ताट सारलं. बायको म्हणाली, “ताटावर राग काढू नका, ताटानं कुणाचा व्हिडिओ केलेला न्हाय.”

दुसऱ्या दिवशी मी हळद्याच्या बापाचा शोध लावला. बाप बारामतीच्या एमआयडीसीत, दुधाच्या कारखान्यात कामाला. रोज मोटारसायकलनं येणं-जाणं. मी पाळी सुटायच्या वेळेला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. माणूस भला दिसत होता. शर्टाला दुधाचा वास, हातात हेल्मेट.

“तुमचं पोरगं माझ्या मळ्यात बूट घालून नाचतंय,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग त्याचं तोंड असं उजळलं की मला वाटलं मागून कुणी मंत्री आला. “तुमी बूटकाका का वो?” म्हणाला. “आरं हिकडं या रं, बघा कोण आलंय.”

कामगार जमले. कुणी चहा सांगितला. एक जण म्हणाला, “काका, आमच्या सुपरवायझरला एक द्या, बक्कळ भरून.”

“मी तक्रार घेऊन आलोय.”

“व्हय, व्हय,” बाप म्हणाला. “पर पोरं हायत वो. करमणूक करत्यात. आमी न्हाय का दुसऱ्याच्या रानातला ऊस चोरून खाल्ला?”

“ऊस चोरताना मालकाला हाक मारत हुतासा का? मालक, या, बघा, मी तुमचा ऊस मोडतोय, जरा मोठ्यांदा बोंबला, असं?”

तो हसला. मनापासून हसला, त्यात कपट नव्हतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्या दुसऱ्या हातात मोबाईल आहे आणि तो माझ्याकडं वळलेला आहे. संध्याकाळी निमगावात मी पोचायच्या आधी ऊस पोचला होता.

त्या रात्रीपासून मला पोरांपेक्षा मोठ्यांचाच राग जास्त यायला लागला. बाजारात मान डोलवणारे, लग्नाच्या पंगतीत “तात्या, एक होऊन जाऊ द्या” म्हणणारे, वर “आजकालची पोरं बिघडली” म्हणणारे. अरे, त्या लाल बदामांतले निम्मे तुमच्याच अंगठ्याचे आहेत. आमच्या लहानपणी वाडीवस्तीवर खोडी केली की आधी लपायची जागा बघावी लागायची. आता खोडी करायच्या आधी उजेड बघतात. कारण पलीकडं टाळ्या पिटायला सगळा तालुका बसलेला आहे, आणि तालुक्याला संध्याकाळी दुसरं काम नाही.

मग एका सकाळी बायकोनं मला हाक मारली. ती दारापासच्या पहिल्या वाफ्यात उकिडवी बसली होती. वेलाची खालची पानं पिवळी पडून लोंबत होती. तिनं बुडातली माती बोटानं सारली. मूळ काळं पडलं होतं, हात लावताच साल सुटून आली. नाकाशी नेलं तर कुबट वास.

बारामतीहून एक जाणकार आणला. त्यानं मूळ बघितलं, मग मातीत उमटलेले बुटांचे ठसे बघितले. “आत कोण कोण आलं होतं?” म्हणाला.

“कोण न्हाय आलं ते इचारा,” मी म्हणालो.

पहिला वाफा उपटावा लागला. वडिलांनी लावलेल्या बेण्याचे वेल, दरवर्षी खाली उतरवून, गुंडाळून, पुन्हा मातीत घालून वाढवलेले. माझ्या दंडाएवढे झाले होते असं मी सांगेन, पण ह्या ठिकाणी वाढवून सांगायची गरज नाही. वेल ओले होते, पेटेनात. थोरलीनं पालापाचोळा गोळा करून आणला आणि काडी लावली. धूर तिच्या डोळ्यांत गेला असेल. तिनं ओढणीनं डोळे पुसले.

जाणकार जाताना म्हणाला, “राहिलेल्या वाफ्यांना मोरचूद-चुन्याचं पाणी बुडाशी ओतून आळवणी करा. आणि बूट बंद करा. अजून एक-दोन वाफ्यांत मर गेली, तर मग मळ्याचा भरवसा देत न्हाय मी.”

रात्री बायको म्हणाली, “बूट बंद करायचं असंल तर तुमचं तोंड बंद करा.”

“माझं तोंड?”

“ती पोरं पानं बघायला येत न्हाईत. तुमचं तोंड बघायला येत्यात. दुकानच उघडलं न्हाई तर गिऱ्हाईक किती दिस उभं राहणार?”

लोकांनी उपास केलेत, कुणी एका पायावर उभं राहिलंय, कुणी जमिनीत गाडून घेतलंय. माझ्यासमोर ते सगळे हौशी. मी दुसऱ्या दिवशी सुपारीचं मोठं खांड दाढेत धरलं आणि मळ्याच्या दारात बसलो. पोरं आली. मी चपला काढायच्या जागेकडं बोट केलं. नुसतं बोट. पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

“काका, आजारी हाय का?”

“काका, रेंज गेली का?”

“आरं, ह्यांचा आवाज म्यूट झालाय.”

ते हसले, वाफ्यात नाचले, माझ्या कानाशी येऊन शिट्ट्या मारल्या. माझ्या पोटात शिव्यांची रांग लागली होती, पण एकीलाही मी बाहेर सोडलं नाही. दोन-तीन दिवस असेच गेले. गर्दी कमी व्हायला लागली.

मग हळद्या आला. तो म्होरक्या, त्याला हार मान्य नव्हती. तो दुसऱ्या वाफ्यातल्या शेवरीवर चढला, वर जाऊन वेलाचा शेंडा मुठीला गुंडाळला आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. मला बोलायची संधी दिली त्यानं, हे कबूल करायला हवं. मी बोललो नाही. त्यानं उडी मारली. वेल वरून खालपर्यंत झाडापासून सोलत आला, जुनी शिवण उसवावी तसा आवाज करत. माझी दाढ सुपारीवर एवढी आवळली की सुपारी फुटली नाही, दाढ फुटली.

“चला रं,” हळद्या बूट झटकत म्हणाला. “आज काय मिळालं न्हाय.”

त्यानंतर कुणी आलं नाही. पण दुसरा वाफा पिवळा पडायला लागला होता.

मी आळवणीसाठी मोरचूद आणायला बारामतीला गेलो. दुकानदार ओळखीचा. त्यानं मला बघितलं आणि छातीवर हात ठेवला. “तात्या, तुमी हाय? मी काल फुलं टाकली तुमाला.”

“कसली फुलं?”

त्यानं मोबाईल पुढं केला. हळद्याच्या उडीचाच व्हिडिओ, पण हळू केलेला, मागं रडकं संगीत, आणि मी दारात दगडासारखा बसलेला. वर लिहिलेलं, बूटकाका आता आपल्यात बोलत नाहीत. खाली माणसांनी हात जोडले होते. कुणी फुलं, कुणी पणती. माझ्या चुलत मेव्हण्यानंसुद्धा पणती ठेवली होती, आणि आदल्या दिवशी मी त्याच्याकडं चहा पिऊन आलो होतो.

मी तो पुन्हा लावायला सांगितला. काहीतरी खटकत होतं. पोरं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरायची, हे मला माहीत होतं. पण हे तोंडासमोरून घेतलेलंच नव्हतं. हे आतून होतं, कोपऱ्यातल्या हादग्याच्या आडून. तिथं एक फट आहे. बाहेरचा माणूस दिवसभर मळ्यात फिरला तरी ती त्याला सापडणार नाही. मग आठवलं, शिंगांचा तो पहिला व्हिडिओही तिथूनच होता.

तिसऱ्यांदा बघितलं. हळद्या उडी मारतो, वेल उसवतो, आणि तेवढ्यात चित्र हलतं. मोबाईल धरणाऱ्याचा पाय ओल्या मातीत घसरला असणार. क्षणभर मोबाईल खाली वळतो आणि जमीन दिसते. काळी ओली माती. त्यात दोन पाय. अनवाणी. आणि उजव्या पोटरीवर सायलेन्सरच्या चटक्याचा डाग, अर्ध्या चपातीसारखा.

तो चटका माझ्या गाडीचा. शाळेच्या पहिल्या दिवशी ती घाईनं उतरली होती आणि मी गाडी बंद करायला उशीर केला होता. दवाखान्यात नेताना ती रडली नाही, मीच ओरडत होतो.

तालुक्यातल्या सगळ्या पोरांनी मळ्यात बूट घालून नाचावं, आणि त्यांचं चित्र काढणाऱ्यानं तेवढं आधी दारात चपला काढून आत यावं. असं करणारं माणूस जगात एकाच घरात निपजू शकतं.

मी गाडीला लाथ मारली आणि निघालो. लासुर्ण्यापर्यंत माझ्याकडं एवढं साठलं होतं की ते नीरेच्या कालव्यात ओतलं असतं तर पाणी उलटं वीर धरणाकडं गेलं असतं. अंथुर्ण्यात आणखी सुचलं. शेळगावच्या पुढं मी मोठ्यानं म्हणून बघत होतो आणि समोरचे ट्रॅक्टर आपोआप कडेला होत होते. तिला काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं, सगळं ठरलं होतं. आयुष्यात एवढी तयारी मी कधी केली नव्हती.

मळ्याच्या दाराशी तिच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट, टोकं बाहेरच्या बाजूला, मी शिकवलं होतं तशा. मी माझ्याही काढल्या.

ती तिसऱ्या वाफ्यात पानं खुडत होती. अंगठ्याला पत्र्याचं नख. तिची आई पाटी धरून जवळच उभी.

“मोरचूद मिळाला का?” थोरलीनं विचारलं.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. सुपारी नव्हती, कुणाची बंदी नव्हती, तरी नाही. मी दुकानदाराकडून मागवून घेतलेला व्हिडिओ माझ्या मोबाईलवर लावला आणि तिच्यापुढं धरला. ती शेवटपर्यंत बघत राहिली. पाय दिसले तेव्हा तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. चोरी सापडली म्हणून नव्हे. काम नीट झालं नाही म्हणून पडते तसली.

“हे पाय कुणाचं?”

“माझे.”

“हे बूटकाका कुणी चालू केलं?”

“मी.”

“मी मळ्यात कवा असतो, हे पोरांना कोण सांगायचं?”

“मीच.”

तिची आई पाटी खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं असावं, आता इंदापूरला ऐकू जाणार. पण मी एवढ्या हळू बोललो की मलाच नीट ऐकू आलं नाही.

“पहिला वाफा जाळला तवा काडी तू लावलीस. दुसरा चाललाय, तुला दिसतोय. बुटाची माती आत आली की काय होतं, हे त्या पोरांना ठावं न्हाय. त्यांच्या बापांना ठावं न्हाय. तुला ठावं हुतं. ती पोरं आत शिरताना, वेल तुडवताना, तू तितं उभी राहून बघत हुतीस. तुला कायच वाटलं न्हाय?”

तिनं हातातलं पान पाटीतल्या पानावर ठेवलं, देठाला देठ लावून. मग पुढच्या पानाला नख लावलं आणि म्हणाली,

“पण मी चपला काढल्या होत्या.”